न मागितलेली श्रुती

मंडळी, भुताच्या गोष्टी सांगून पोरांची झोप उडवणं हा माझा लहानपणापासूनचा उद्योग. आमच्या गल्लीतल्या चिंचेवर जी बाई बसते ना, ती मीच बसवलेली आहे, शाळेत असताना, चुलत भावाला घाबरवायला. आता लोक शुक्रवारी तिच्यासाठी लिंबू ठेवतात! तेव्हा ही मिठाई कशी वळतात ते मला चांगलं ठाऊक आहे, आणि म्हणूनच मी स्वतः ती कधी तोंडात घातली नाही. भूत नाही, करणी नाही, अंगात येणं नाही... असल्या कशावर माझा कधीही विश्वास नव्हता.

तरीही हे लिहितोय. हसत हसतच लिहितोय, कारण मला दुसरं काही जमत नाही.

गाव तंजावूर. राजांबरोबर इकडे आलेल्या मराठी घरांपैकी आमचं एक. पश्चिमेकडच्या मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की तिसरी गल्ली, ओसरीला निळा रंग. घरात मराठी बोलतात सगळे, पण देवनागरी वाचता येते फक्त मला, तीही पुण्यात काही वर्षं नोकरी केली म्हणून. माझी थोरली बहीण, अक्का, तमिळ वाचते. त्यामुळे हा मजकूर तिच्या हाती पडला तरी चालेल.

अक्का गाणं शिकवायची. पुढच्या खोलीत, रोज संध्याकाळी. आई लवकर गेली; आम्हा भावंडांना वाढवता वाढवता अक्काची रेडिओची ऑडिशन राहूनच गेली होती. पंचेचाळिशी उलटल्यावर तिनं शेवटी अर्ज केला आणि बोलावणं आलं. त्या दिवशी तिनं केसरी, म्हणजे आपला केशरी शिरा, केला आणि स्वतःच सगळा खाल्ला. अक्काला एवढी खूश मी कधी पाहिली नव्हती.

आणि मी? मी घरातला एकमेव बेसूर. मी देवापुढे आरती म्हणू लागलो की अक्का म्हणायची, "रामू, तू फक्त टाळ्या वाजव रे. देवानं काय पाप केलंय?"

नव्वदीच्या दशकाचा शेवट होता. गल्लीत केबल आली होती, कोपऱ्यावर एसटीडी बूथ आला होता, आणि मी कॉम्प्युटर आणला. त्रिचीत जुळवून घेतलेला, लग्नपत्रिका आणि टायपिंगची कामं करायला. थ्री-पिनचा प्लग फक्त पुढच्या खोलीत, म्हणून तो तिथेच, अक्काच्या शिकवणीच्या चटईशेजारी.

तेव्हा कॉम्प्युटरच्या मासिकांबरोबर सीडी फुकट मिळायची. फुकट म्हटलं की मी काहीही आत घालतो. एक घातली, दोन-चार खेळ पाहिले, बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, एक करडा ठिपका दिसला. मी मागितला नव्हता, त्यानंही विचारलं नव्हतं. क्लिक केलं, काही नाही. आणि स्पीकरमधून एक बारीक आवाज यायला लागला... एकसारखा, न थांबणारा.

मी तो प्रोग्राम शोधून काढला आणि उडवला. मशीन पुन्हा सुरू केलं, तर ठिपका जागेवर. मग तीन बटणं एकदम दाबून चालू प्रोग्रामांची यादी उघडली. सगळ्यांना नावं होती. सगळ्यात खाली मात्र एक रिकामी ओळ. नाव नाही, अक्षर नाही. पण तिच्यावर गेलं की ती निळी व्हायची. म्हणजे तिथे कोणीतरी होतं! बंद केली की जायची आणि बटणावरून बोट उचलायच्या आत परत यायची.

मी शिव्या घालत होतो तेवढ्यात चिंचेच्या कोळात बरबटलेले हात घेऊन अक्का स्वयंपाकघरातून आली.

"थांब! काढू नको."

"अगं, हे कुठलं तरी आगंतुक घुसलंय आत."

"घुसू दे. काय शुद्ध षड्ज आहे रे... माझाच आहे. पाच कट्टै."

तुम्ही ज्याला पांढरी पाच म्हणता, त्याला इकडे पाच कट्टै म्हणतात. प्रत्येक गाणाऱ्याची आपली एक पट्टी असते, अक्काची ही. तिच्या तंबुऱ्याच्या भोपळ्याला तडा गेलेला, विजेवरची श्रुतीपेटी व्होल्टेजनं जळलेली. आणि इथे घरबसल्या, न ढळणारी श्रुती, गाण्यामागचा आधाराचा सूर! तिनं हात धुतले, कॉम्प्युटरच्या डब्याला स्पर्श करून बोटं डोळ्यांना लावली आणि त्याला कुंकू लावलं. तंबुऱ्यालाही ती असंच करायची.

तुमच्याकडे कुणी असा आवाज ऐकला असता तर मेकॅनिकला बोलावलं असतं. आमच्याकडे श्रुती लागली की वाद घालत नाहीत. तिच्यात आपला आवाज मिळवतात. श्रुती कुठून आली हे विचारायचं नसतं. शिकवण्या त्यावर सुरू झाल्या. अक्काचा ऑडिशनचा रियाजही.

पुढचे काही आठवडे छान गेले. मला वाटायचं, अक्काचा आवाज हल्ली किती भरदार झालाय. बेसूर माणसाला असंच वाटायचं.

मग ऑडिशनच्या तालमीसाठी गोपालन मामा आले. हे आमचे जुने मृदंगवादक, तमिळ, पोट आणि मृदंग एकाच मापाचे. मृदंग गाणाऱ्याच्या पट्टीला लावलेला असतो, म्हणून मामा अक्कासाठी नेहमी पाच कट्टैचा घेऊन येत. भरदुपारी अक्कानं गायला सुरुवात केली. मामांनी एक थाप मारली आणि हात वर उचलला, जणू भाजला.

"अक्का, खाली का गाताय?"

"खाली? श्रुतीतच आहे, मामा."

"कुठल्या श्रुतीत? हे तीन कट्टैसुद्धा नाही. पुरुषाची पट्टी झाली ही!"

"मामा, तुमचा मृदंग ऊन खाऊन चढलाय."

"मृदंग खातो ऊन, हे पितळ काय खाणार?" मामांनी खिशातली स्वर देणारी शिट्टी काढून पाच कट्टै फुंकली.

अक्कानं कान झाकले. माझ्याकडे पाहून म्हणाली, "एवढं वर कोण गातं रे?"

मामा हसले नाहीत. खोलीत तो आवाज चालूच होता. तो रोज केसभर खाली सरकत आला होता आणि अक्का त्याचं बोट धरून खाली उतरत गेली होती. तिच्या शिकवणीच्या मुलीही. सगळे एकमेकांशी सुरात, त्यामुळे कुणाला कळणार? मला कळलं असतं तर मी बेसूर कसला!

मामा म्हणाले, "ते बंद करा आधी." मी स्विचकडे हात नेला, तेवढ्यात करंट गेला. पंखा थांबला. स्क्रीन काळी झाली. गल्लीतले सगळे टीव्ही एकदम गप्प.

आवाज चालू होता.

मला सा आणि प ओळखता येत नाही, पण आवाज आहे की नाही एवढं येतं. मी वाकून स्पीकरला कान लावला. तिथे काहीच नव्हतं. मी मागे वळलो. मामा अक्काकडे बघत होते. तिचे ओठ मिटलेले होते, डोळे मामांवर, चेहऱ्यावर 'काय झालं?' असा भाव. आणि आवाज तिच्यातून येत होता. श्वास घेताना तुटत नव्हता, सोडताना तुटत नव्हता.

"अक्का," मी म्हणालो, "गप्प बस ना गे."

"गप्पच आहे की," ती बोलली. बोलताना तो मागे चालूच होता.

मामांनी मृदंग खोळीत घातला आणि चपला हातात घेऊन निघून गेले. आयुष्यात पहिल्यांदाच आमच्याकडची कॉफी न पिता.

अक्काला शेवटी ऐकू आलं. तिनं गळ्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "हे काढून टाक, रामू. मला माझी पाच कट्टै परत पाहिजे. चार दिवसांवर ऑडिशन आलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर सेंटरचा सेल्वम आला. त्यानं ती रिकामी ओळ पाहिली, दोनदा बंद केली आणि खुर्ची मागे सरकवली. "सार, हे मी कुठेच पाहिलं नाही. हार्ड डिस्क पूर्ण पुसूया."

"पूस."

"सगळं जाईल, सार."

"जाऊ दे," स्वयंपाकघरातून अक्काच म्हणाली. ती आत पाच कट्टै शोधत होती, एक एक पायरी वर. मलाही तेवढं कळत होतं, कारण दर पायरीला ती चुकायची, स्वतःला शिवी द्यायची आणि पुन्हा धरायची. सेल्वमनं एंटर दाबलं. स्क्रीनवर आकडे चढायला लागले. आत अक्काही चढत होती. "लागलं!" ती ओरडली. "रामू, लागलं रे—"

आकडे शंभरावर गेले आणि ती तिथेच थांबली. मध्येच, शब्दाच्या टोकावर. मी आत धावलो. ती चुलीशेजारी उभी होती, तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. गात होती ती. पण काहीही येत नव्हतं.

डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. गळा निरोगी, काही बिघाड नाही. त्रिचीच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं, मद्रासच्याही. ऑडिशनचा दिवस आला तेव्हा अक्कानं पट्टूची, रेशमी साडी नेसली, पुढच्या खोलीत बसली आणि संध्याकाळी ती बदलली. तेव्हापासून ती फक्त कुजबुजते. कॉम्प्युटर साफ झाला होता. ठिपका नाही, रिकामी ओळ नाही. पुढे मी तो वर्षानुवर्षं वापरला, त्यानं कधी कुरकूरसुद्धा केली नाही.

सेल्वम म्हणतो व्हायरस. इथे खरं तर मी थांबायला हवं. पण मागच्या महिन्यातलं एक राहिलंय.

दुपारची वेळ. अक्का पुढच्या खोलीत चटईवर एकटी, मांडीवर ताल धरून, ओठ हलवत बसली होती. समोर कुणी नाही. मी विचारलं, "कुणाला शिकवतेस?"

तिनं बोट ओठांवर ठेवलं आणि कुजबुजली, "श्रुती लागलीय."

खोलीत काही नव्हतं. तरी मला ऐकू आलं. बारीक, एकसारखं, माझ्याच कानाच्या आत. आणि कसं कोण जाणे, मी तो स्वर गुणगुणलो. जन्मात पहिल्यांदा अक्कानं माझ्या गाण्यावर डोळे मिटले आणि मान हलवली. बरोबर. अगदी बरोबर.

लोक म्हणतात रामू फार बोलतो. हल्ली जास्तच, जेवतानाही, देवळातही, रस्त्यात अनोळखी माणसाला थांबवूनसुद्धा. म्हणू देत. मी गप्प बसलो की तो ऐकू येतो... आणि कालपासून तो जरा खाली आलाय.