हीर म्हणजे विहीर

गोविंदभाऊ गेल्याची चिठ्ठी आली तेव्हा मी अमरावतीच्या कापूसबाजारात एका दलालाची नक्कल करून राहिलो होतो. चांगली रंगात आली होती. पोट पुढं, पगडी मागं, हातावर रुमाल टाकून त्याच्याखाली बोटं दाबत भाव ठरवायचा, आणि तोंडानं मात्र देवाचं नाव! लोक पोट धरून हसत होते. तेवढ्यात पांडू गाडीवान गर्दीतून वाट काढत आला. चिठ्ठी माह्या हातात देली आणि म्हणाला, "बाहीर चाल. छपराखाली नोको वाचू." मरणाची चिठ्ठी आमच्याकडं छपराखाली वाचत नाहीत, आणि वाचली की फाडून टाकतात. मी उन्हात उभा राहून वाचली. खरं सांगतो, रडू मागून आलं, आधी आला राग. काय ते अक्षर! कोंबडीचा पाय दौतीत बुडवून कागदावर सोडून देल्यासारखं. ज्या माणसानं अर्ध्या वऱ्हाडाची पत्रं लिहिली त्याच्या मरणाचं पत्र असं? भाऊ असते तर म्हणाले असते, "कोनं लिवलं बे हे? बोलाव त्याले, पाटी घेऊन बसव." चिठ्ठी फाडली मी, रीत म्हणून. पण ते घाणेरडं अक्षर अजून डोळ्यांपुढून जाऊन नाही राहिलं...

त्याले आता महिना होत आला. भाऊंबद्दल लिहायच्या आधी छापखान्यात जे कोणी शास्त्रीबुवा बसले असतील त्यांना हात जोडून एक सांगतो. माह्या "ले" चा "ला" करा, "काहून" चा "का" करा, मी काही बोलणार नाही. पण "हीर" हा शब्द दिसेल तिथं त्याले हात लावू नका. हीर म्हणजे विहीर. पाण्याची. ह्या एका शब्दापायी भाऊ वैशाखाच्या उन्हात घराबाहेर पडले, ते परत आलेच नाहीत.

भाऊ कोणाचे नोकर नव्हते. बाजाराच्या कडेले कडूनिंबाखाली पोतं अंथरायचं, बोरू तासायचा, आणि जो येईल त्याचं लिहून द्यायचं. अर्ज, पत्र, कुंडलीची नक्कल, कापसाच्या गासडीवरचं नाव, काहीही. हे झालं पोटाचं. पण पोटाचं काम त्यांच्या दिवसात जेमतेम मावायचं, कारण हौसेची कामं मधी घुसायची. जात्यावरच्या बायांकडून कोडी गोळा करायची. रिद्धपूरले कोणाची पोथी उतरून द्यायची. वांग्याचं बी या गावचं त्या गावले पोचवायचं. मूळचे भातकुलीचे माळी, बी दिसलं की हात शिवशिवायचा. एकदा एका व्यापाऱ्याच्या पत्रात चुकून बियांची पुडी गेली. त्यानं अकोल्यात पत्र उघडलं तर मजकुराआधी वांग्याचं बी सांडलं. तो बिचारा समजला, कापसाच्या भावाची काही गुप्त खूण असंल! चार दिवस माल विकला नाही त्यानं. आणि दुपारी, बाजार निवला की फुकटचं काम. गाडीवानांना पाटीवर स्वतःचं नाव लिहायले शिकवणं, अन् म्हाताऱ्या बायांची पत्रं. त्या फुकट पत्रांना भाऊ चांगली दाट शाई वापरत, अन् व्यापाऱ्यांना पातळ. मी विचारलं, "भाऊ, हे उलटं काहून?" तर म्हणाले, "व्यापारी पत्र एकदा वाचते. मायचं पत्र पोरगं शंभरदा वाचून घेते."

माही त्यांची ओळख कशी झाली ते सांगतो. मी शाळा सोडून नुकताच मोकळा झालो होतो, म्हणजे शाळेनंच मले मोकळं केलं होतं, कारण मी मास्तरांची नक्कल मास्तरांपुढं केली. तर बाजारात मी भाऊंची नक्कल करून राहिलो होतो. बोरू कानामागं, मान वाकडी, जीभ दातात. मागून आवाज आला, "जीभ डावीकडून काढ. मी डावीकडून काढतो." वळून पायतो तर भाऊच! मारतील वाटलं. त्यांनी माहा हात धरला आणि पोत्यावर बसवलं. समोर भातकुलीची एक म्हातारी बसली होती, तिचा पोरगा अकोल्याले रुईच्या म्हणजे कापसाच्या कामावर जाऊन बसलेला. भाऊंनी तिचं पत्र रीतीनं लिहिलं होतं, "अनेक उत्तम आशीर्वाद" वगैरे. ते मले म्हणाले, "हे पत्र या मायच्या आवाजात वाच." मी वाचलं, अगदी तिच्यासारखं, दात पडलेलं तोंड करून. ती म्हणाली, "आवाज माहा हाय बाप्पा, पन हे बोलून कोन राहिलं? ही कोनती बाई हाय?" भाऊंनी कागद फाडला आणि ती बोलली तसं लिहिलं, "काहून येऊन नाही राहिला रे? तुह्या वाटीतलं दही मी रोज मांजरीले घालतो." पोरगा तिसऱ्या दिवशी हजर! तेव्हापासून आमचा नियमच झाला. भाऊंनी लिहायचं, मी नकलून पाहायचं. माणूस बोलला तसं निघालं नाही तर कागद फाडायचा.

आणि मग ती पाण्याची वही. तिकडं सातासमुद्रापार लढाई पेटली आणि इकडं आमच्या बोंडांचा भाव चढला, तसा अमरावती-अकोला रस्ता गाड्यांनी भरून गेला. रूळ अजून यायचे होते, रस्त्यावर नुसती बैलांची शिंगं. नवे गाडीवान, अनोळखी गावं, आणि अकोल्याकडं जसं जावं तसं पाणी खारट होत जातं. तहानलेला बैल खारं पाणी हुंगतो, मान फिरवतो, आणि पुढच्या कोसावर बसून जातो. असा एक बैल पांडूचा मेला. भाऊंनी त्याच दिवशी नवी वही शिवली. बडनेरा, कुरूम, माना, मूर्तिजापूर, बोरगाव... रस्त्यावरची एकेक हीर स्वतः चाखून लिहायची. ऐकीव एक ओळ नाही. ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचं, डोळे मिटायचे. गोड असलं तर टाळूले जीभ लावून दोन वेळा "टक्, टक्". खारं असलं तर "थू" आणि वर तोंडभरून शिवी.

मी बरोबर होतो तेव्हाची एक गंमत. बोरगावच्या पुढं सकुबाई म्हणून एक माळीण हाय, रस्त्याच्या कडेले वाडी, वाडीत हीर. भाऊंनी पाणी चाखलं, "थू" केलं, आणि बाई विळा घेऊनच उभी राहिली.

"माह्या हिरीले थू करतं? कोन रे तू?"

"वहीत लिवतो बाई. हीर खारी."

"खारी लिवशीन त एक गाडी थांबनार नाही. माही वांगी कोन घेईन? तुहा बाप?"

"बाई, बैलाले खोटं कसं सांगू?"

"बैलाले नोको सांगू. गाडीवानाले सांग!"

भाऊ हसले, पण लिहिलं खारीच. वर वांगी घेतली, तिथंच भाजून खाल्ली, आणि खाली एक ओळ जोडली, "वांगी गोड." तिले वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "हे मोठ्या अक्षरात अन् ते लहान अक्षरात लिव." मग आम्ही पळालो.

आता हिऱ्यांची कथा. अकोल्यातले एक कारकून, पुण्याकडचे, मोठे सज्जन माणूस. वही पाहून खूश झाले. म्हणाले, शिळेवर छापून देतो, भाषा तेवढी शुद्ध करतो. वर भाऊंना कायमची नोकरी देतो म्हणाले, खुर्ची, छप्पर, सावली. भाऊंचे डोळे तेव्हा अधू होत चालले होते, बोरूचं टोक दिसायचं नाही. त्यांना ती सावली पाहिजे होती, मले माहीत हाय. छापील कागद अमरावतीले आला तेव्हा मी मोठ्यानं वाचायले घेतला: "माना येथे दोन हिरे आहेत." मी थांबलो. पुढं पाहिलं. कुरूमले तीन हिरे, मूर्तिजापूरले चार! मी लोळून हसलो, भाऊ लोळून हसले, पांडू म्हणाला, "मंग मी कापूस काहून वाहून राहिलो?" हसता हसता भाऊ एकदम उठून बसले. "बोरगावच्या पुढचं वाच." मी वाचलं: "सकुबाईच्या वाडीत एक हिरा आहे. वांगी गोड." खारी कुठं गेली? कुठंच नव्हती. साऱ्या कागदात "खारी" हा शब्द नव्हता. कारकुनांनी विचार केला असेल, हिरा खारा कसा असेल? आणि दिसेल तिथून काढून टाकला.

कागदाचा एक गठ्ठा तोवर रस्त्यानं वाटूनही झाला होता. मुक्कामाच्या गावचे पांडे, दप्तर लिहिणारे, तो गाडीवानांना वाचून दाखवत होते. हिरा म्हणजे हीर हे गाडीवानांना बरोबर समजलं, पण भाऊंनी खारी म्हटली नाही म्हणजे पाणी चांगलं! भाऊंनी कारकुनांना पत्र लिहिलं. उत्तर आलं की एवढ्यासाठी अडू नका, पुढच्या छपाईत पाहू, नोकरीवर रुजू व्हा. भाऊंनी उत्तर मले नकलून दाखवायले लावलं. मी मस्त केलं, नाकातून. ते हसले नाहीत. एका गाडग्यात चुना कालवला आणि म्हणाले, "चाल नकल्या. हिरीवरच खूण करून येऊ."

मी गेलो नाही. बडनेऱ्याले एका लग्नात माही नक्कल ठरली होती. वरून शहाणपण शिकवलं, "भाऊ, ऊन काय पडलं हाय! बैलाले वाचता येते का?"

"येत नाही म्हनून तं जाऊन राहिलो."

तीच शेवटची भेट. गाडगं हातात, बोरू कानामागं... लिहिणारा माणूस चित्रं काढायले निघाला होता. गोड हिरीवर खाली वाकलेल्या बैलाचं तोंड, खाऱ्या हिरीवर मान फिरवलेल्या बैलाचं. अकोल्याच्या धर्मशाळेत पोचले ते ऊन लागूनच. चार दिवस ताप, आणि गेले.

मागच्या आठवड्यात मी, पांडूनं धर्मशाळेतून आणलेलं तेच गाडगं घेऊन त्या रस्त्यानं गेलो. काय सांगू तुम्हाले! हिरीहिरीवर बैल! एक कुत्र्यासारखा, एक डुकरासारखा, कुरूमचा तर थेट आमच्या मास्तरांसारखा. एकटा हसत चाललो होतो वेड्यासारखा. एकच हीर कोरी निघाली, सकुबाईची. बाई वाडीच्या तोंडाशीच बसली होती. मी म्हटलं, भाऊ गेले. ती म्हणाली, "माहीत हाय. आला होता तो. उभं राहवत नव्हतं त्याले. चुना काढला अन् म्हने, बाई, तू हो म्हन, मंग काढतो. मी नाही म्हटलं."  तिनं हातातला विळा खाली ठेवला. "तू तोच न? आवाज काढनारा? त्याचा काढ."

मी पाणी काढलं, तोंडात घेतलं, डोळे मिटले. हजार वेळा केलेली नक्कल, पण ते खारं पाणी मी नुसतंच गिळून टाकलं. तेव्हा माह्या शेजारी बाईनंच ओंजळ भरली, चूळ तोंडात फिरवली, आणि आपल्याच हिरीच्या काठावर जोरात "थू" केलं. वर भाऊंचीच ती शिवी, अक्षर न् अक्षर बरोबर. मी करायची ती नक्कल कोणी माह्यापुढं केली आणि मले राग आला नाही, असं पहिल्यांदाच झालं. "काढ आता," ती म्हणाली, "मान चांगली फिरव त्याची." मी जीभ दातात धरली, डावीकडून, आणि बैल काढला. ती मागं उभी राहून पाहत होती.

"अन् खाली वांगं काढ," ती म्हणाली. "बैलापेक्षा मोठं."