टोरोंटोहून वीस तास

टोरोंटो ते मुंबई साडेबारा हजार किलोमीटर, मध्ये विमान बदलून वीस तास, असं थोरल्या भावानं फोनवर सांगितलं. पुढंही तो काही सांगत होता. पण मी पेणजवळ हमरापूरच्या कारखान्यात गणपतीचे डोळे रंगवत होतो, चतुर्थी चार दिवसांवर आलेली. माणूस ऐकणार तरी किती? तिकडून रात्री अकराला निघणार, म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला हजर. पेणच्या स्टँडवर एसटीचा करतो तसा हिशोब केला. तिकडचं घड्याळ साडेनऊ तास मागं असतं, हे डोक्यातच आलं नाही.

रोह्याजवळच्या आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती. बसवायचा तो घरच्या मुलानं, दुपार टळायच्या आत. अकरा वर्षांपूर्वी बाबा गेले, त्यांचे दिवस करून भाऊ परत गेला, तेव्हापासून मीच बसवायचो. यंदा तो येणार म्हणून आईनं पूजेला बसायचा पाट त्याच्यासाठी राखून ठेवला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी भाड्याची गाडी घेऊन विमानतळ गाठला. विमान उतरलं पहाटे साडेचारला. महिनाभराच्या जागरणांवर आणखी एक. भाऊ बाहेर आला आणि मलाच विचारतो, तू एवढा का उतरलायस? काय सांगणार, कपाळ!

पनवेलपर्यंत बरं चाललं होतं. वडखळला गाडी थांबली ती थांबलीच. गणपतीला निघालेलं सगळं कोकण त्याच रस्त्यावर. विमान बरं होतं, भाऊ म्हणाला आणि झोपला. असा राग आला! बारा वाजता आईला फोन करून सांगितलं की आम्ही वेळेत पोचत नाही. घरात ती एकटी, भाऊबंद आपापल्या गणपतीत. सावकाश या, एवढंच म्हणाली. माझ्या एका बेरजेपायी देव तोंड झाकून तसाच राहणार, म्हातारी रडत बसणार. वेळ नीट मोजली असती तर देव बसवायला मी घरीच थांबलो असतो.

तीनला पोचलो. देव बसलेला होता. दुर्वा, जास्वंद, मोदक, सगळं जागच्या जागी. आणि आई पाटावर. बाबा गेल्यापासून ती पूजेला हात लावत नसे, विधवा बाईनं लावायचा नाही म्हणून. भटजींना पुढची घरं होती, ते थांबायला तयार नव्हते. तेव्हा तिनं त्यांना मंत्र म्हणायला सांगितले आणि स्वतः पूजा केली. ते कुरकुरले म्हणे. तिनं ऐकलं नाही.

मी म्हणालो, चूक माझी, वेळ मोजायला चुकलो.

"चुकलास तर चुकलास," आई म्हणाली. "माझ्या हातनं देव बसला नाय काय? अकरा वर्सं उंबऱ्यावर बसून बघतेय मी. आई, तू बसवतेस काय, असं विचारलंत कधी?"

भाऊ लांब होता. मी तर पेणला, तासाभराच्या वाटेवर. मीही कधी विचारलं नव्हतं. देवाच्या आधी मी तिच्या पाया पडलो.