भावाच्या वाटचं तिकीट

आमच्या गावात रॉक बँडचे चाहते किती, असं कुणी विचारलं तर मी दोन सांगेन: एक मी आणि दुसरा माझा धाकटा भाऊ. पुण्याला हॉस्टेलवर असताना मी एका परदेशी बँडची कॅसेट घेतली आणि सुट्टीत मळ्यात घेऊन आले. शब्द एक कळत नव्हता, तरी आम्ही ती झिजेपर्यंत ऐकली. वडील गोठ्यातून ओरडायचे, "आरं, कोन मेलं का काय तिकडं? बंद करा ते!" भाऊ आवाज आणखी वाढवायचा.

त्या गिटारच्या नादानेच तो साऊंडच्या धंद्यात पडला. कॉलेज सोडलं, ट्रॉलीवर स्पीकरचे बॉक्स रचले आणि वराती, जयंत्या, गणपती करत जिल्हाभर हिंडला. जिल्ह्याच्या पार टोकाला, खर्डा गावापर्यंतच्या सुपाऱ्या यायच्या. या साऊंडवाल्यांची एक रीत असते. आवाज लावणाऱ्याने बॉक्सच्या भिंतीसमोर उभं राहूनच तो लावायचा. कानात कापूस घातला की बाकीचे "नवरी आली, नवरी" म्हणून चिडवणार. माझा भाऊ कधी नवरी झाला नाही. त्याचं सगळे कौतुक करायचे, तोही फुगायचा. मला त्या कौतुकाचा तेव्हाही राग यायचा आणि आज तर डोक्यात तिडीक जाते.

अलीकडे त्याला दोनदा हाक मारावी लागे. "कानात मळ हाय," म्हणायचा. टीव्ही एवढा मोठा लावायचा की शेजारच्यांनाही बातम्या कळाव्यात.

मग बातमी आली की आमचा बँड मुंबईला येणार. मी पारनेरला शाळेत शिकवते. भाऊ मधल्या सुट्टीत गाडीवर थेट शाळेच्या फाटकाशी हजर. "ताई, ह्या येळंला जायाचंच. परत ते येतील तवर मी..." एवढं बोलून थांबला. मला वाटलं वय झालं म्हणतोय. मी त्याच्या पिकलेल्या मिशांवरून चेष्टा केली.

तिकिटं सुटणार होती रविवारी दुपारी. रेंज फक्त गच्चीवर, म्हणून सगळं घर उन्हात गच्चीवर: आई, भावजय, त्याची लहान लेक आणि आम्ही दोघं. खातं त्याचंच वापरायचं यावर तो अडून बसला होता. "क्यासेट तू आनलीस, तिकिटं मी काढनार." म्हणून साइट माझ्या मोबाईलवर उघडली होती, पण बँकेचे ओटीपीचे आकडे त्याच्या मोबाईलवर येणार होते. तो वाचून दाखवणार, मी टाकणार, असं ठरलेलं.

मोबाईलवरची रांग काही हलेना. आई म्हणाली, "आत कुनी वळखीचं आसंल तर सांगा की त्याला." हसून हसून आमची पुरेवाट झाली. आणि अचानक नंबर लागला. दोन जागा मिळाल्या. पैसे भरायचे तेवढे राहिले आणि बँकेचा मेसेज काही येईना. खाली लिहिलं होतं, फोन करून आकडे सांगू का? मी बटण दाबलं.

त्याचा फोन थरथरला. त्याने कानाला लावला, दाबून धरला, मग दुसऱ्या कानाला लावला. शेवटी स्पीकर लावून आवाज पूर्ण वाढवला. फोनमधली बाई एकेक आकडा इतकी स्वच्छ सांगत होती की जिन्याजवळ बसलेल्या आईलाही ऐकू जात होतं. भाऊ मात्र फोनच्या काचेकडे बघत उभा होता. मग त्याने आमच्याकडे पाहिलं. परीक्षेत एकही उत्तर न येणारी मुलं माझ्याकडे बघतात, तसं.

मी आकडे टाकले. तिकिटं मिळाली.

"दोन्ही कान गेल्यात, ताई," तो म्हणाला. "लई दिस झालं."

नगरच्या डॉक्टरांनी तपासलं. मशीन लावा म्हणाले, पण उरलंय तेवढं जपा, मोठ्या आवाजात पुन्हा उभे राहिलात तर तेही जाईल. हे सगळं त्यांनी कागदावर लिहून त्याच्यापुढे सरकवलं. येताना आम्ही चहाला थांबलो. त्याने कप बाजूला सारला. मग म्हणाला, "पोरगी गळ्यात पडून बोलली की तिचं कळतंय अजून. तेवढं ठिऊ दे मला." मी मान हलवली. दुसरं करणार काय? "तू जा," तो म्हणाला. "माझ्या वाटचंबी ऐकून ये."

मी गेले. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पर्स ठेवली आणि कुणाला बसू दिलं नाही, दोघातिघांशी भांडलेही. आमचं गाणं सुरू झालं तेव्हा मी, मुलांना "हळू बोला" म्हणणारी बाई, जीव खाऊन ओरडले. आनंद होता की नाही सांगता येत नाही. राग होता आणि रडू होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीने घरी पोचले तेव्हा घसा पार बसला होता. कंडक्टरलाही हातवारे करून पारनेर सांगावं लागलं होतं. भावजय माझ्या तोंडाकडे बघून हसली, आई मिठाचं पाणी तापवायला गेली. भाऊ धावत आला आणि समोर खुर्ची ओढून बसला. मशीन अजून मिळालं नव्हतं. "सांग. पहिल्यापासून सांग."

मी सांगू लागले. कुठलं गाणं आधी झालं, दिवे कसे होते, गिटारवाला किती म्हातारा दिसत होता. घशातून नुसता वारा बाहेर पडत होता. शेजारी उभ्या भावजयीला एक शब्द कळेना. "काय म्हनत्यात ताई?" ती दोनदा म्हणाली. भाऊ मात्र माझ्या ओठांवरची नजर न काढता मान हलवत होता. "आसं व्हय? मंग? मंग पुढं?"

माझा आवाज गेलाय, हे घरात फक्त त्यालाच कळलं नव्हतं.