नखाखालचा रंग

माझी आत्या लग्नाआधी कापसाच्या बियाण्याच्या प्लॉटवर कामाला जायची. बदनापूरच्या आसपास तेव्हा असे प्लॉट बरेच होते. संध्याकाळी कापसाची न उमललेली कळी अंगठ्याच्या नखानं सोलायची, आतला केसर खुडून टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर दुसऱ्या वाणाचं फूल घासायचं. याला सगळे क्रॉसिंग म्हणत. सगळा भार नखावर. हंगाम सरेपर्यंत आत्याच्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडायची, मधोमध चिरायची. भांडी घासायला पाण्यात हात घातला की ती ओठ आवळून घ्यायची.

मी तेव्हा पाचवी-सहावीत असेन. सुटीच्या दुपारी आत्या ओट्यावर बसून नखांची दुरुस्ती करायची. आधी कोमट पाण्यात बोटं बुडवून ठेवायची आणि नख मऊ झाल्यावरच कापायची. मग करडईचं तेल जरा गरम करून नखांच्या मुळाशी चोळायची. चिरलेल्या नखावर मलमलीचा इवलासा तुकडा ठेवून त्यावर बिनरंगाचं नेलपॉलिश फिरवायची.

"ह्यानं चीर खाली उतरत न्हाई," ती सांगायची. "नवं नख वर येस्तोर जुन्याला धरून ठेवायचं, बस."

नखं जरा बरी झाली की ती रंगाच्या बाटल्या काढायची. टाचणीच्या डोक्यानं ठिपके द्यायची आणि ठिपका ओला असतानाच बाभळीच्या काट्यानं ओढून त्याची पाकळी करायची. डाळिंबी नखावर पांढरं फूल. गल्लीतल्या पोरी ओट्यावर खेटून बसायच्या. माझी आई म्हणायची, "वन्सं, मला नका लावू, भाकरीत उतरल," आणि तरी शेवटी करंगळी पुढं करायची.

आत्याचं लग्न मंठ्याला झालं. पहिल्या बाळंतपणाला ती आमच्याकडे आली. प्लॉटचं काम सुटलेलं, त्यामुळे तिची नखं पहिल्यांदाच लांब आणि सरळ वाढली होती. तिलाच त्याचं नवल वाटायचं. सारखी हात उलटे करून बघायची. एका दुपारी तिनं माझ्या आणि स्वतःच्या बोटांवर एकसारखी नक्षी काढली. माझ्या हाताशेजारी हात ठेवून म्हणाली, "बघ, कुणाची कोणती, वळखू येत न्हाई."

त्याच आठवड्यात तिला जालन्याच्या दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. मी वडिलांबरोबर डबा घेऊन गेले, तेव्हा आत्या पडून होती आणि आई बाळाला घेऊन कोपऱ्यात बसली होती. रक्त थांबत नाही, एवढंच कुणीतरी हळू आवाजात बोललं. नर्सबाईंनी माझ्या हातात कापूस आणि एक छोटी बाटली दिली.

"हिच्या नखांचा रंग काढ. आम्हाला खालचं नख दिसलं पाहिजे."

त्या बाटलीचा वास नाकातून डोक्यात गेला. मी एकेक बोट धरून पुसत गेले. आधी फुलं गेली, मग डाळिंबी. आत्यानं डोळे किलकिले केले.

"काय करून राह्यली?"

"रंग काढतेय. बाई म्हणाल्या."

"बरं," ती म्हणाली. "घासू नको. दाबून धर, मंग उतरंल."

रंग उतरला आणि खाली नख पांढरं होतं, ओल्या कागदासारखं. नर्सबाई आल्या. त्यांनी अंगठ्याचं नख दाबलं, सोडलं, वाट पाहिली. पुन्हा दाबलं. मीही वाकून पाहत होते. नखात लाली काही परत येत नव्हती. त्यांनी मला डबा घेऊन बाहेर बसायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या गेली.

माझ्या नखांवर तिची नक्षी तशीच होती. शेजारच्या एका बाईनं आईला सुचवलं, पोरीचा रंग काढून टाका, बरं दिसत न्हाई. आई म्हणाली, "राहू द्या." नख वाढत गेलं तशी फुलं वर सरकत गेली. मुळाशी माझं कोरं नख दिसायला लागलं. मी नखं कापू देत नव्हते. शाळेत बाईंनी ओरडून पाहिलं आणि मग कारण कळल्यावर सोडून दिलं. शेवटचा तुकडा अंगठ्यावर होता. तो एक दिवस दिसला नाही. कुठे तुटून पडला, कळलंच नाही. मी अंगण पाहिलं, न्हाणीघर पाहिलं.

मुलीला मंठ्याचे लोक घेऊन गेले. तिच्या वडिलांनी दुसरं लग्न केलं, येणं-जाणं कमी झालं.

माझं लग्न जालन्यात झालं. मुलं शाळेत जायला लागल्यावर मी घरीच बायकांच्या नखांचं काम सुरू केलं. लग्नसराईत नक्षी काढायची, एरवी ठिसूळ झालेली, पिवळी पडलेली नखं निगुतीनं वाढवून द्यायची. एकदा स्टेशनजवळ रिक्षाच्या दांडीवर एक हात दिसला, अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं. रिक्षा निघाली आणि मी भाजीची पिशवी घेऊन तिच्यामागे चालत राहिले. रिक्षा कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली, तेव्हा मला भान आलं.

आत्याची मुलगी कॉलेजसाठी जालन्यात आली, ती आमच्याकडेच राहायला. अबोल होती. नखं इतकी कुरतडलेली की बोटांची टोकं लाल असायची. मी तिला रोज तेल लावून द्यायचे, कडेची साल कापून द्यायचे. तिनं दात लावू नयेत म्हणून वर रंग लावायचे आणि आठवड्यानं तो काढायचे. एकदा तिनं विचारलं,

"ताई, रंग काढला की तू दरवेळी माझं नख दाबून का बघतेस?"

मी असं करते हे मला ठाऊक नव्हतं.

मग मी तिला सांगितलं. प्लॉट, मलमल, बाभळीचा काटा, दवाखाना. तिच्या घरी आईविषयी कुणी बोललेलंच नव्हतं. एक लग्नातला फोटो होता, त्यात हात पदराखाली होते.

"मंग कळलं तिला, मुलगी झाली ते?"

"कळलं. माझ्या आईनं तिच्या कुशीत ठेवलं होतं तुला."

"आणि रंग तू काढलास."

"हो."

तिनं रंग उतरलेला हात मागे घेतला. मग दुसरा हात पुढं केला. "ह्याचाही काढ."

तीन-चार महिन्यांत तिची नखं वाढली. लांब, जरा रुंद. पुढे तिला नोकरी लागली, आता ती सुटीत येते आणि तिच्या सवयीनं माझ्यासमोर दोन्ही हात ठेवून बसते. मी आधी तिच्या चेहऱ्याकडे बघते, मग हातांकडे. आधी हात पाहिले तर समोर ती बसलीय की आत्या, याची क्षणभर खात्री राहत नाही.