थेल्माचे पाय सैल पडले तेव्हा

थेल्मा लिंडक्विस्ट आमच्या नदीकाठच्या गावांना टपाल, किराणा आणि माणसं पोचवायची. अलास्काच्या या भागात गावाला गाव जोडणारा रस्ता नाही. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात बर्फगाडी आणि बाराही महिने थेल्मा. साठीला टेकलेली, उंच, मोजकं बोलणारी बाई. माझी दोन्ही मुलं जन्माला यायच्या आधीच, आईच्या पोटात बसून, थेल्माच्या विमानातून दवाखान्यात गेलेली.

त्या ऑगस्टमध्ये मी दुकानाचा माल घ्यायला धावपट्टीवर उभा होतो. धावपट्टी म्हणजे खडीचा पट्टाच. वारा नदीकडून आडवा येत होता. तिचं विमान जुन्या धाटणीचं, तिसरं चाक शेपटीखाली. पुढची दोन चाकं टेकली, मग शेपूट खाली आली. उतरली, असं म्हणून मी गाडीकडे वळलो आणि खडीचा आवाज बदलला.

नाक डावीकडे, वाऱ्याच्या दिशेला वळत होतं. असं विमान एकदा फिरू लागलं की जड शेपूटच त्याला आणखी फिरवत नेते. उजवा पंख झुकून खडीला लागला, त्या बाजूचं चाक मोडलं, पंख्याच्या पात्यानं जमीन उकरली. आल्या दिशेला तोंड करून विमान थांबलं. मग नुसती धूळ.

मी पोचलो तोवर तिनं इंजिनाची बटणं बंद केली होती आणि शेजारी बसलेल्या निकिफोरचा पट्टा सोडत होती. म्हातारा डोळ्याचं ऑपरेशन करून घरी येत होता.

"कुठं लागलं का, काका?" मी विचारलं.

"नाही. मी एकाच डोळ्यानं पाहिलं," तो म्हणाला. "दोन्ही उघडे असते तर घाबरलो असतो."

ती हसली नाही. त्याला उतरवून माझ्या गाडीत बसवलं आणि विमानाभोवती एक फेरी मारून आली.

दुसऱ्या दिवशी विमान कंपनीच्या तळावरून डेल ऑस्ट्रेम आला. तिच्याच हाताखाली शिकलेला, आता तिचा वरिष्ठ.

"वाऱ्याचा झोत आला असेल," तो म्हणाला.

"वारा होता तसाच होता. चाकं टेकली आणि मला वाटलं, झालं काम. पाय सैल पडले माझे. नाक सरळ ठेवायला उजवं पॅडल दाबायचं, त्याला उशीर झाला."

"असं सगळ्यांसमोर बोलू नकोस, थेल्मा."

"मग कुणासमोर बोलू?"

गावात चर्चा व्हायची ती झालीच. माझ्या दुकानात चहा पीत लोक तिचं वय काढायचे. काहींनी पुढची फेरी दुसऱ्या वैमानिकाबरोबर केली. थेल्माला ते कळलं असणार. तिनं डेलला गाठलं आणि म्हणाली, मला पहिल्यापासून शिकव.

सप्टेंबरभर वारा आडवा असेल त्या दिवशी दोघं तळावर उतरायचे, पुन्हा उडायचे, पुन्हा उतरायचे. डेलनं मला नंतर सांगितलं, "तिनं मला शिव्या घालत शिकवलं. तेच तिला ऐकवायला जीभ वळेना."

तिच्या ते लक्षात आलं. "मी तुला काय म्हणायचे?" तिनं विचारलं.

"गाढवा, विमान खुंटीला बांधून ठेवेपर्यंत ते उडतंयच."

"मग म्हण की. गाढवासकट म्हण."

त्यानं म्हटलं. त्या दिवसानंतर शिकवणं सुरळीत झालं, असं तो म्हणतो.

नदी गोठली तेव्हा ती परत कामावर आली. आणखी तीन हिवाळे तिनं आमचं टपाल आणलं. तिच्या विमानाला ओरखडाही आला नाही. मग एका दुपारी, वारा अजिबात नसताना, पिठाची पोती उतरवता उतरवता ती म्हणाली, "पुढच्या आठवड्यापासून दुसरा माणूस येईल."

"का गं? पाय दुखतात?"

"पाय अजून ऐकतात," ती म्हणाली. "ऐकेनासे होतील तेव्हा मला वेळेवर कळेल, याची खात्री नाही."

शेवटचं पोतं माझ्या गाडीत टाकून ती निघून गेली. आता समुद्रकाठी बहिणीजवळ राहते आणि बटाटे लावते.