माझ्या मांडवातलं ऊन

तंजावुरात त्या काळी सावली हवी असली की लोक माझ्याकडे येत. लग्नाचा मांडव, देवळापुढचा मांडव, उन्हाळ्यात घरापुढचा मांडव, सगळे मी घालायचो. नारळाच्या झावळ्या भिजवून विणतात, त्याला इकडे कीत्तु म्हणतात. ते कीत्तु मी एकावर एक असे चढवायचो की भर उन्हाळ्यात खाली पंगत बसली तरी कुणाच्या पानात उन्हाचा ठिपका पडायचा नाही. शाळेत मी चौथीच्या पुढे गेलो नाही. पण तसा मांडव कुणी घालून दाखवावा.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती, आमच्या मुलुखाला अजून मद्रास राज्य म्हणायचे. तेव्हा मला मुलगी झाली. मला आत्याने वाढवलेलं. ती विधवा, आणि घरात शेवटचा शब्द तिचा. देवनागरी अक्षरं तिनेच मला चुलीची राख पसरून गिरवायला लावली, म्हणून आज हे लिहितो आहे. आमचे वाडवडील मराठ्यांच्या राज्यात इकडे आले. राज्य गेलं, मान गेला, पण घरच्या बायकांनी बाहेरच्या ओट्यावर बसायचं नाही ही रीत आत्याने सोडली नव्हती. त्यांना आकाश दिसायचं ते फक्त घराच्या मधल्या उघड्या चौकात. पोर पाळण्यात घातली तशी आत्या म्हणाली, "मुलगी गोरी आहे. तिला ऊन लागू द्यायचं नाही. चौकावर मांडव घाल."

मी घातला. दुहेरी घातला. गावासाठी हात चालतो, मग पोटच्या पोरीसाठी आखडता कसा घेऊ?

दुसरं वर्ष संपत आलं तरी पोर उभी राहीना. हात धरून उभी केली की पाय धनुष्यासारखे वाकायचे आणि ती मटकन खाली बसायची. मनगटं जाड झाली होती, झोपेत डोकं घामाने भिजायचं. शेजारच्या घरात तिच्यामागून जन्मलेली पोरं पळायला लागली. आत्या म्हणायची, "आपल्यात मुलं उशिराच चालतात. तू काय वेगळा होतास?" बायको उलट बोलायची नाही. पोरीचे पाय तेल लावून चोळत बसायची. एका सकाळी मात्र तिने पोर कडेवर घेतली आणि दारात उभी राहून म्हणाली, "तुम्ही येता, की मी एकटी जाऊ?"

मी सदरा चढवला.

सरकारी इस्पितळात एक तमिळ डॉक्टरीण होती. पोरीचे पाय, फासळ्या, मनगटं चाचपून तिने विचारलं, "तुमच्या घरात ऊन कुठे येतं?"

मी छाती काढून सांगितलं, "कुठेच नाही अम्मा. मांडव माझ्या हातचा आहे."

बायकोने माझ्याकडे बघितलं. डॉक्टरणीनेही बघितलं. मग तिने मला समजेल असं सांगितलं. अंगावर ऊन पडलं की कातडीत डी नावाचं जीवनसत्त्व तयार होतं. ते नसलं तर दुधातला चुना हाडांना लागत नाही, हाडं मऊ राहतात, अंगाच्या भाराने वाकतात. तिने माशाच्या तेलाची बाटली दिली, दूध सांगितलं आणि ऊन सांगितलं. सकाळचं, थोडा वेळ, हातपाय उघडे आणि डोक्यावर फडकं. दुपारचं अजिबात नाही. कातडी तापेपर्यंत तर मुळीच ठेवायचं नाही. "लहान आहे तोवर पाय सरळ होतील," ती म्हणाली. "उशीर केलात तर असेच राहतील."

घरी येऊन मी शिडी लावली. आत्या शिडीखाली येऊन उभी राहिली.

"काय करतोस?"

"मांडव उतरवतो."

"काळी पडेल. मग तिचं लग्न तुझी डॉक्टरीण लावून देणार का?"

"पाय राहिले तर बोहल्यापर्यंत जाईल. नाहीतर सप्तपदी काय माझ्या कडेवर बसून चालणार?"

"मी असेपर्यंत हा मांडव उतरायचा नाही."

"बरं. नाही उतरवत," मी म्हणालो, आणि कोयत्याने वर चटईएवढं भोक पाडलं. मांडव जागेवर होता. तिचा शब्द राहिला, माझाही राहिला. हट्ट मी तिच्याच हाताखाली शिकलो होतो. आत्या त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली, कारण मीही जेवलो नव्हतो.

सकाळी त्या भोकातून उन्हाचा एक तुकडा उतरायचा. आधी भिंतीवर, मग घसरत फरशीवर. न्याहारी झाली की बायको तिथे चटई टाकून पोरीला बसवायची. ऊन सरकलं की चटई सरकवायची. चौकात कपडे धुवायचा दगड होता. ऊन त्या दगडाला लागलं की पोर आत, असा नियम मी घातला. पाळला मात्र आत्याने. ती खांबाला टेकून, आमच्याकडे पाठ करून बसायची आणि ऊन दगडापाशी पोचायच्या आधीच म्हणायची, "पुरे झालं, भाजाल तिला."

"अजून अवकाश आहे आत्या."

"थोडं सांगितलंय ना तुझ्या डॉक्टरणीने? थोडं म्हणजे थोडं."

पाठ केलेल्या बाईला दगड कसा दिसत होता, हे मी विचारलं नाही.

शेजारी ओट्यावर बसून हसायचे. एकाने कॉफी पिता पिता विचारलं, "काय हो, पोरीचं वाळवण घातलंय म्हणे?"

"होय," मी म्हणालो. "तयार झालं की तुमच्या ओट्यावर पळत येईल."

दिवाळीच्या सुमाराच्या पावसात भोकातून पाणी कोसळायचं. आत्या खाली घंगाळ लावायची आणि मला दिवसभर ऐकवायची. पण पाऊस उघडला की चटई आधी तीच वाळत टाकायची.

पोंगलचा सण होऊन गेला होता. मी चौकाच्या कडेला सुंभ वळत बसलो होतो, बायको चुलीपाशी होती. ऊन सरकलं आणि चटई मागेच राहिली. पोर सावलीत आली. तिने ऊन कुठे गेलं ते बघितलं आणि खांबाला धरून उभी राहिली. पाय थरथरत होते. मी उठणार, तर आत्याने हात वर करून मला थांबवलं. ती आता पुरती वळून बसली होती. पोरीने खांब सोडला. एक पाऊल टाकलं, डुलली, दुसरं टाकलं, आणि तशीच चालत उन्हाच्या तुकड्यात जाऊन धपकन बसली. कुणी धरलं नव्हतं.

बायको पळी हातात घेऊन दारात उभी होती. तिचे डोळे वाहत होते आणि ती पुसत नव्हती.

आत्या उठली, पोरीच्या शेजारी उन्हात जाऊन बसली आणि तिच्या डोक्यावर पदर धरला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "एवढ्याशा उन्हात दोघींनी कसं बसायचं? उतरव तो मांडव."

"तू असेपर्यंत उतरायचा नाही म्हणालीस."

"मी आहे ना इथे? मीच सांगते आहे. शिडी आण."

शिडी आत्यानेच धरली. माझ्या हातचा मांडव मीच उतरवला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

पाय हळूहळू सरळ होत गेले, तेल आणि दूध चालूच होतं. रंगाने ती माझ्यावर गेली. कुणी बोललं तर आत्या म्हणायची, "तो उन्हाचा रंग नाही, बापाचा आहे." पुढच्या वर्षी एका सकाळी पोर आमच्या दारातून निसटली आणि पळत थेट शेजाऱ्याच्या ओट्यावर चढली. आमच्या घरातली मुलगी, रस्त्यावरच्या ओट्यावर, सगळ्यांसमोर. मी दारात वळून आत्याकडे बघितलं. ती म्हणाली, "बघतोस काय? जा मागे."

मी गेलो, पण सावकाश गेलो. शेजारी पेपर वाचत होता.

"वाळवण आलं," मी म्हणालो, आणि त्याच्या शेजारी बसून कॉफी मागितली.