पडद्यावरची करडी पट्टी

डांबरगोळ्यांचा आणि गरम प्लास्टिकचा वास एकत्र आला, की आजही माझ्या तळहाताला त्या कॅसेटचे वजन जाणवते. माझ्या लग्नाची कॅसेट. कुंभार पिंपळगावच्या घरी आईने ती ट्रंकेत, आपल्या शालूच्या घडीत ठेवली होती. लग्नानंतर एकदाच भाड्याने व्हीसीआर आणून साऱ्या भावकीने ती पाहिली. आई तेव्हा चहाच्या आधणापाशी होती. पुढे कैक वर्षांनी डोळ्यांच्या उपचारासाठी ती जालन्याला आमच्याकडे आली आणि औषधांच्या पिशवीतून तिने ती कॅसेट माझ्या हाती दिली.

"तुमच्या कंपूटरमधी घालता येतंय का बघ," एवढेच म्हणाली.

काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती साथ देईल सांगता येत नाही, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते.

नवऱ्याने ओळखीतून व्हीसीआर मिळवला, तारा जोडल्या, चित्र कॉम्प्युटरवर उतरले. ते सीडीवर बसवायला एन्कोडिंगचे सॉफ्टवेअर लागत होते. इंटरनेटवरून घेतलेली त्याची फुकट प्रत काम सगळे करी. फक्त चित्राच्या मधोमध एक करडी पट्टी सोडी. हे सॉफ्टवेअर विकत घेतलेले नाही, असे तिच्यावर इंग्रजीत लिहिलेले असे. पट्टी घालवायची तर पैसे भरायचे, तेही डॉलरमध्ये, पुण्याच्या दिरांच्या क्रेडिट कार्डावरून.

"तुझ्या बापाकडून हुंडा न्हाई घेतला, अन् आता सॉफ्टवेअरला द्यायचा का?" नवरा हसला. "त्यापेक्षा लग्नच परत लावू. स्वस्त पडंल."

मीही हसले. थोड्याच दिवसांपूर्वी एका साडीच्या काठावरून बोट फिरवताना मी किमतीचा विचारही केला नव्हता. पण या वस्तूला पोत नव्हता, रंग नव्हता. आणि लग्न तर माझेच, ते मला पाठ होते. पट्टीने असे काय बिघडते, असे मी ठरवून टाकले.

दुपारी सीडी लावली. आई टीव्हीपुढे अगदी जवळ पाट घेऊन बसली. हळद झाली, रुखवत झाले. जुन्या फितीतली सनई पाण्याखालून आल्यासारखी वाजत होती. मंगलाष्टके सुरू झाली तशी आई पाटासकट पुढे सरकली. अक्षता पडल्या, अंतरपाट निघाला. माझ्या चेहऱ्यावर मात्र दुसरा एक अंतरपाट तसाच राहिला.

आईने पदराने डोळे पुसले. पुन्हा पाहिले, पुन्हा पुसले.

"किती वाकून बघतेस आई? सगळं तुझ्यासमोरच तर झालं."

"माझ्यासमोर कुठलं? पोरीच्या आईनं लग्न लागताना बघू न्हाई. तुळशीला पाणी घालीत बसले व्हते मी, वाजंत्री वाजूस्तोर." मग एक डोळा झाकून, दुसरा झाकून तिने टीव्हीकडे पाहिले. "हे मधी आडवं काय येऊन राह्यलं, बाई? माझ्या डोळ्याचंच आसंल. वाढलं वाटतं."

मला सांगता आले असते. शब्दांवर तर माझी उपजीविका होती. वर्गात एकेका ओळीवर मी तासभर बोलत असे. मी म्हणाले, "थांब, थेंब घालते." आईने विश्वासाने मान मागे टाकली, आणि तिच्या डोळ्यांत नसलेल्या दोषासाठी मी तिच्या डोळ्यांत औषध घातले.

त्याच संध्याकाळी नवऱ्याला म्हटले, "भाऊजींना फोन करा."

"मंग त्या दिवशी माझ्याबरोबर हसलीस कशाला?"

तरीही ते लगेच झाले नाही. आधी दीर बाहेरगावी होते, मग परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा माझ्याकडे तपासायला आला, मग दिवाळी. खरे म्हणजे एवढ्याशा गोष्टीसाठी दिरांपुढे शब्द टाकायला मला संकोच वाटत होता. आईने सीडी पुन्हा मागितली नाही. हिवाळा सरताना ती भिंत चाचपत मोरीकडे जाऊ लागली.

अखेर पैसे भरले. ईमेलने आलेला क्रमांक टाकला. दिवसभर कॉम्प्युटर घुमत राहिला आणि पट्टी गेली. इतके सोपे होते ते.

आईला हात धरून टीव्हीपुढे आणले. "आई, ती पट्टी तुझ्या डोळ्यांत नव्हतीच. सॉफ्टवेअरची होती. मी पैसे भरले नव्हते म्हणून होती, आणि तुला सांगितलं नाही."

ती सनई ऐकत राहिली. मंगलाष्टके संपली, वाजंत्री वाजली, आणि पडद्यावर माझा अठरा-एकोणीस वर्षांचा चेहरा या वेळी पूर्ण उघडा झाला. आईचे तोंड टीव्हीच्या किंचित डावीकडे, खिडकीच्या उजेडाकडे वळलेले होते. तिने माझा हात शोधला, थोपटला आणि म्हणाली,

"दिसलीस."